पानओव्याची लव

कांदिवली, मंगळवार संध्याकाळ

अर्धांगवायूनंतर बाबांच्या उजव्या हाताला स्पर्शच कळत नव्हता. वेगवेगळ्या वस्तू फिरवत राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. टॉवेल झाला, ब्रश झाला. आज खिडकीतल्या पानओव्याचं पान फिरवलं. डोळे मिटलेले बाबा एकदम म्हणाले, "मखमल आसा काय गो?"

"लव आहे, बाबा. पानावरची. तिच्यामुळे किडे लांब राहतात, वासही तिच्यातच असतो."

त्यांनी पान चुरडलं. त्याच हाताने! घरभर ओव्याचा वास. एवढीशी लव, तिने हात जागा केला? की योगायोग? असू दे.

"आवशीक हाक मार."

आई धावत आली. बाबांनी तिच्या गालावर हात ठेवला.

"कळता गो तुझो गाल."