हात टेकायचा नाही

आई,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितेय. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. कसा मोडला ते शेवटी सांगते, आत्ताच सांगितलं तर तू पुढचं काही ऐकून घ्यायची नाहीस. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता त्यानं काही अडत नाही. हात मोडल्यापासून घरातच बसून आहे आणि सारखे ते लोखंडी चाकांचे स्केट डोळ्यांपुढे येतात. तू त्यांना चाकाच्या चपला म्हणायचीस.

हिर्डोशीच्या अलीकडे, वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो दौऱ्यावरच्या साहेबांनी उतरायचा सरकारी बंगला. सत्तर साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. अण्णा तिथला चौकीदार, तू झाडलोट करणारी आणि आपण तिघं मागच्या एका खोलीत. (बाप असला तरी अण्णाला मी आता अहो-जाहो करत नाही. तुला राग येत असेल तर येऊ दे.) पुढचा व्हरांडा लांबलचक, शहाबादी फरशीचा, आणि माशा बसू नयेत म्हणून तू पुसायच्या पाण्यात रॉकेल टाकायचीस. त्यानं फरशी अशी तुळतुळीत झालेली की साहेबसुद्धा बूट जपून टाकायचे. साहेब असले की अण्णा लोण्यासारखा मऊ. कमरेत वाकून वाकून त्याची पाठ दुखायची, आणि साहेबांची जीप वळणाआड गेली की ते सगळं दुखणं तो तुझ्यावर काढायचा. चहा गार का दिलास, साहेबानं दुसरी भाकरी का घेतली नाही, कारण काहीही चालायचं. एकदा त्यानं तुझ्या पाठीत सांडशी घातली. मी जळणाच्या ढिगामागे बसले होते. सांडशीचा आवाज मला अजून ऐकू येतो, तुझा येत नाही, कारण तू आवाज करायची नाहीस. तू पडायचीस. कुशीवर, अंग सैल सोडून, हनुवटी छातीत, दोन्ही हात काखेत. लाथ बसली की आणखी गोळा व्हायचीस. तो दमून बाहेर गेला की उठायचीस, पदर खोचायचीस आणि तव्यावरची नाचणीची भाकरी उलटायचीस. भाकरी करपलेली नसायची. त्या वयात मला त्याचंच नवल वाटायचं.

मला त्यानं तोवर हात लावला नव्हता. पण त्या भाताच्या दिवसांत जेवताना तो माझ्याकडे बघून तुला म्हणाला, "पोर लई उंच झाली. भात झोडून झालं की हिला बी वळण लावाया पायजे." तू त्याला आमटी वाढलीस. पण तुझ्या हातातली पळी ताटाला लागून वाजली, तशी ती कधी वाजायची नाही.

त्यानंतर आठवडाभरातच पुण्याचे एक साहेब बायको-मुलीला घेऊन आले. मुलगी माझ्याच वयाची. तिच्याजवळ ते स्केट होते, चामड्याच्या पट्ट्यांचे, चावीनं लहानमोठे होणारे. चार चाकं, तीही लोखंडी आणि झिजून गुळगुळीत झालेली, फरशीवर धरच घ्यायची नाहीत. ती मुलगी दोनदा आपटली, रडली, आणि मला रबरी चाकांचे नवे पाहिजेत म्हणून रुसून बसली. आणि मग तू, जिनं कधी कुणाकडे उरलेलं लोणचंसुद्धा मागितलं नाही, ती तू बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिलीस. "बाईसाहेब, ते टाकणार असशीला तर माज्या पोरीला द्या." बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, ही चाकं फार घसरतात. या फरशीवर पोरगी पडेल." तू म्हणालीस, "पडू द्या की." बाई हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आईला आज माझे लाड करावेसे वाटतायत.

काय लाड! बाजारच्या दिवशी अण्णा सकाळच्या एसटीनं भोरला जायचा तो संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा, कारण मधे गाडीच नव्हती. तो गेला की तू भाताच्या तुसात लपवलेले स्केट काढायचीस, माझ्या पायांना पट्टे आवळायचीस आणि व्हरांड्यात उभी करायचीस. पाय पुढे टाकावा तर तो बाजूला पळायचा, दुसरा त्याच्या मागे. मी खांब धरून ठेवायची. तू झाडू घेऊन यायचीस आणि खांब धरलेल्या बोटांवर मारायचीस. "सोड त्यो खांब. बांधावरनं चालतीस तशी चाल, गुडघ्यात वाकून." मी वाकून चालायला लागले, जरा जमतंय असं वाटायला लागलं, की तू मागून येऊन ढकलायचीस. न सांगता, दोन्ही हातांनी, जोरात. मी तळहात पुढे करून पडायची. "हात टेकू नगं! मनगाट मोडंल. आंग सैल सोड. डोस्कं छातीत घाल. कुशीवर पड." परत उभी करायचीस आणि परत ढकलायचीस. कधी बाजूनं, कधी पुढून, कधी वेणीला हिसडा देऊन. एकदा माझा ओठ फुटला आणि रक्त फरशीवर सांडलं. तू त्यावर हळद दाबलीस आणि म्हणालीस, "रडायचं ते मागनं. आधी नीट पड." फरशीवरचं रक्तही मलाच पुसायला लावलंस. त्या दिवसांत मी तुझा मनापासून द्वेष केला, आई. अण्णा निदान मला ढकलत नाही, असंही मनात आलं होतं. कुठली आई खेळ शिकवते आणि खेळूच देत नाही?

पण मी हट्टी होते, तुझीच मुलगी. ढकलण्यांच्या मधल्या वेळात मी स्केटिंग शिकलेच. चाकं धरत नाहीत तर त्यांना धरायला लावायचं नाही, घसरू द्यायचं आणि आपण वर तोल सांभाळायचा, हे मला एका दुपारी आपोआप कळलं. त्या दुपारी मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता गेले, शेवटच्या खांबाला एका हातानं गिरकी घेतली आणि परत आले. मी मोठ्यानं हसत होते. तू कडेला बसून फरशी पुसत होतीस, आणि तूही हसलीस. तुझा वरचा एक दात अण्णानं पाडलेला, त्यामुळे तू हसताना तोंडावर पदर घ्यायचीस. त्या दिवशी घेतला नाहीस.

आणि अण्णा पायरीवर उभा. त्याला घाटाकडे जाणारा ट्रक मिळाला होता. "सायबाच्या व्हरांड्यात घोडं नाचवतीस व्हय गं?" एवढंच बोलला. वेणी धरली आणि कानाखाली अशी मारली की एका बाजूचं ऐकूच येईना. चाकं पायाखालून पळाली. आणि मी काही ठरवायच्या आत माझं अंग सैल पडलं, हनुवटी छातीत गेली, हात काखेत गेले आणि मी कुशीवर पडले. डोकं फरशीला लागलं नाही. पडल्या पडल्या मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतीस, परीक्षेला बसवलेल्या पोराकडे बघावं तशी. तेव्हा मला सगळं कळलं. तू मला खेळ शिकवत नव्हतीस. माझी पाळी येणार हे तुला माहीत होतं, आणि तुझ्याजवळ मला द्यायला तेवढी एकच विद्या होती.

मी रडले नाही म्हणून तो आणखी चिडला. कमरेचा पट्टा काढला. एक मांडीवर बसला, एक पाठीवर. मग पट्टा टाकून त्यानं लाथ उचलली. माझ्या एका पायातला स्केट सुटून तुझ्याजवळ घरंगळत गेला होता. तू तो चामड्याच्या पट्टीला धरून उचललास, आणि धुणं आपटतात तसा गरकन फिरवून त्याच्या नडगीवर घातलास. लोखंड हाडावर बसलं. तो ओरडला, दुसरा पाय तुझ्या ओल्या रॉकेलच्या फरशीवर सटकला, आणि तो अख्खा माणूस पडला. पडताना त्यानं उजवा हात पुढे केला. वाळक्या कारवीची काठी मोडावी तसा आवाज झाला. हात मनगटातून भलतीकडेच वळलेला, आणि तो कधी हाताकडे बघतोय, कधी तुझ्याकडे. तू त्याच्यावर उभी होतीस, स्केट हातात लोंबत होता, चाकं अजून फिरत होती. तू त्याला अगदी शांतपणे म्हणालीस, "आवं, हात टेकायचा नसतो."

मला वाटलं, आता तू त्याला उठवशील. तू स्केट परत डोक्यावर उचललास. त्यानं डाव्या हातानं तोंड झाकलं. कितीतरी वेळ तू तशीच उभी होतीस, आणि खरं सांगते, मी मनात म्हणत होते, घाल, आई, घाल. "पोरीला हात लावशीला तर फुडल्या टायमाला नडगी सोडून डोस्क्यात घालीन," म्हणालीस आणि खाली ठेवलास. तेव्हाही तू त्याला मानानंच बोललीस.

भोरच्या दवाखान्यात त्यानं फरशीवरून घसरलो असं सांगितलं. तू दारात उभी राहून मान हलवलीस, कुणी पुढे काही विचारलं नाही. हात वाकडाच बसला. डाव्या हातानं मारायला शिकायला त्याला वर्ष लागलं असं पुढे मामी म्हणाली, आणि हे सांगताना ती हसली, म्हणून मी तिच्याशी बरेच दिवस बोलले नाही. मी तोवर विंझरला मामाकडे शाळेत जात होते. त्याचा हात मोडल्याच्या आठवड्यातच तू माझं गाठोडं बांधून दिलंस आणि मला एसटीत बसवलंस, नसरापूरला गाडी बदल म्हणून बजावलंस. मी खिडकीतून विचारलं, "आन् तू?" तू म्हणालीस, "मला पडता येतंय."

याच वाक्याचा मला आजपर्यंत राग आहे. माझ्यासाठी तुझा हात उठला, तो स्वतःसाठी का नाही उठला? दात पडला तेव्हा का नाही? सांडशी बसली तेव्हा का नाही? गाडीत जागा होती, आई. मामा नाही म्हणाला नसता. पुढे तू काविळीनं गेलीस. त्याच्या हातानं नाही, काविळीनं, असं मी कुणी न विचारताही लोकांना सांगत सुटायची. तो तुझ्यामागे बरीच वर्षं जगला. शेवटी त्यानं निरोप पाठवले, पण मी गेले नाही. गावानं नावं ठेवली, ठेवू देत.

आता तुझ्या जावयाचं सांगते. चहा अतिशय वाईट करतो. हात मोडल्यापासून माझी वेणीही तोच घालतो, ती बैलाच्या शेपटीसारखी होते. लग्नानंतर पहिली कितीतरी वर्षं तो माळ्यावरचा डबा काढायला हात उचलायचा आणि माझी हनुवटी छातीत जायची. त्यानं ते ओळखलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण तो आधी म्हणायला लागला, "हात वर करतोय हं." डबा काढायच्या आधी, डास मारायच्या आधी, दिवा लावायच्या आधीसुद्धा. मग केव्हातरी त्याचं ते म्हणणं बंद पडलं. केव्हा, ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

परवा न्हाणीघरात साबणावरून पाय सटकला. डॉक्टर पोरगेला आहे, म्हणाला, "आजी, पडताना माणूस हात टेकतोच." मी त्याच्यासमोर हसायला लागले आणि मग रडायला लागले. त्याला वाटलं, फार दुखतंय. हा कागद कुठं पाठवायचा नाही. घडी करून औषधांच्या डब्यात ठेवीन, तुझ्या जावयाला दाखवणार नाही. तू मला किती मारून मुटकून शिकवलंस, पण मी ते सगळं विसरून गेले, आई. मी हात टेकला.