काळ्या गाडीवरचे पांढरे ठिपके

३ मार्च, सोमवार

गाडी धुतली. वाट लागली!

काळी गाडी घ्यायची हौस ज्याची, त्याने ती निदान स्वतः धुवावी. पण आमचे हे अंगणात खुर्ची टाकून बसलेले. डॉक्टरांनी यांचं गाडी चालवणं कायमचं बंद केलंय. हिवाळ्यात सिग्नलला उभे असताना यांना फिट आली — नशीब, उभे होते. तेव्हापासून गाडी अंगणात, चावी माझ्या कपाटात आणि हे भिंतीकडे तोंड करून. इतके दिवस घरात यांच्यापेक्षा फ्रिज जास्त बोलतोय. मला काही गाडी चालवता येत नाही. लेक म्हणते विकून टाका, डोळ्यांसमोर राहिली तर बाबा एक दिवस चावी शोधून काढतील. तिचं बरोबर आहे. गिऱ्हाईकही तिनेच आणलंय, ओळखीतला एक दातांचा डॉक्टर. रविवारी बघायला येणार.

म्हणून भर दुपारी पाइप घेऊन उतरले. भांड्यांच्या साबणाने खसाखसा घासली, पाणी मारलं आणि मोठा तीर मारल्यासारखी चहा प्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर गाडीला गोवर! तोही पांढरा. बॉनेटवर, टपावर, दारांवर, जिथे बघावं तिथे ठिपके.

हे खुर्चीतून म्हणाले, "उन्हात धुतात का गाडी?"

आठवड्याभरातलं यांचं सगळ्यात लांब वाक्य. आनंद मानावा की पाइप यांच्याकडे वळवावा, कळेना.

४ मार्च, मंगळवार

ठिपके फडक्याने जात नाहीत. नखाने जात नाहीत. शिव्यांनी तर नाहीच — सगळ्या वापरून झाल्या.

५ मार्च, बुधवार

साहेबांना वाचा फुटली. आणि फुटली ती अशी की आता बंद होईना.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, म्हणाले. बादलीला आतून पांढरा थर बसतो ना, तोच हा. पाणी उडून जातं, क्षार बसून राहतो. तेव्हा गाडी धुणं हे काम नाहीच, पाणी वाळायच्या आत टिपून घेणं हे काम. इतक्या वर्षांत यांनी एकदा तरी गाडी धुतल्याचं मला आठवत नाही. धुवायला माणूस यायचा आणि हे कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. त्या उभं राहण्यातून एवढं शास्त्र गोळा केलंय! आजपासून यांचं नाव मुकादम.

मुकादमांच्या हुकुमावरून व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळलं, फडकं भिजवून ठिपक्यांवर ठेवलं, मग धुऊन पुसलं. गेले की! पुष्कळसे गेले. अंगणभर असा आंबट वास सुटला की मांजर कुंपणावरूनच परत फिरलं.

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी, सावलीत, बॉनेट हाताला गार लागल्यावर पुन्हा सगळी धुतली. आधी टप, मग खाली. एक बादली साबणाची, एक फडकं खळबळायची. एका वेळी एकच बाजू, ती पुसून झाल्याशिवाय पुढच्या बाजूला पाणी लावायचं नाही. मुकादम खुर्चीसकट माझ्या मागोमाग गाडीला प्रदक्षिणा घालत होते.

पुसायला यांचे जुने बनियन घेतले. गाडीला केस फुटले! सगळीकडे पांढरे धागे. मग लेकीने मागे पाठवलेले ते मऊ फरवाले रुमाल काढले. माझ्यातल्या गृहिणीला राहवलं नाही, आधी कपडे मऊ करायच्या त्या सुगंधी पाण्यातून बुडवून काढले. वास काय सुंदर! पण पाणी एक थेंब शोषतील तर शपथ. नुसते इकडचं पाणी तिकडे ढकलत होते. मुकादम हसले. तोंडावर हात ठेवून, पण खांदे हलत होते. मी बघितलं.

पुन्हा ठिपके. कमी, पण आहेतच.

७ मार्च, शुक्रवार

आज झालंच पाहिजे म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने मारायचं ठरवलं. कल्पना माझी, याची नोंद असावी. दिवसभर स्वयंपाकघरातल्या फिल्टरखाली भांडी लावून पाणी साठवलं. साबण धुतला, मग ते गोड पाणी टपावरून हळूहळू ओतलं. रुमाल साध्या पाण्यातून काढून वाळवलेले. घासायचं नाही, अंथरायचं, थोपटायचं, उचलायचं. आरसे आणि दारांच्या मुठी पाणी धरून ठेवतात आणि सगळं आटोपलं की ओघळ सोडतात, नालायक. तिथे माझा केस वाळवायचा ड्रायर लावला. शेजारीण गच्चीतून बघत होती. बघू दे.

एकही ठिपका नाही! गाडीत माझं तोंड दिसलं. घामेजलेलं, साबण लागलेलं, पण दिसलं.

८ मार्च, शनिवार

माणसाने बोअरचं पाणी प्यायलं आणि गाडीने फिल्टरचं. काल फिल्टर कोरडा बघून मुकादमांनी सरळ नळाला तोंड लावलं, मला विचारायची पद्धतच नाही. आज दिवसभर फेऱ्या. म्हणजे गाडी आणि मालक, दोघंही आतून-बाहेरून स्वच्छ.

९ मार्च, रविवार

सकाळी बघते तर बॉनेटवर ठिपके. ढीगभर! सगळ्या मेहनतीवर पाणी. मी मटकन पायरीवर बसले.

दातवाले आले. गृहस्थ सभ्य, पण खिशातून बारीक टॉर्च काढून बॉनेट असं वाकून बघितलं की आता दाढ काढायला लागते म्हणतात की काय. रंगाचा वरचा थर किडलाय का, अशी शंका. "किडलाय" हाच शब्द! मी सांगितलं, नुसते पाण्याचे डाग आहेत, जातात. ते म्हणाले, पुढच्या रविवारी येतो, डाग गेलेले दिसले तर लगेच नेतो, नाहीतर राहू द्या. लेकीने फोनवर माझ्यावरच तोंड टाकलं.

हे सगळा वेळ अगदी सज्जनासारखे उभे होते.

१० मार्च, सोमवार

दोष शेजारणीचा! गच्चीतल्या तिच्या कुंड्यांचं पाणी आमच्याच बाजूला गळतं. सकाळीच जाऊन झापलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे कुंड्या दाखवल्या. कुंडीतलं रोप प्लास्टिकचं. सगळीच प्लास्टिकची. मी तरीही थोडा वेळ माघार घेतली नाही.

११ मार्च, मंगळवार

परत व्हिनेगर, परत बादल्या. पण आज मुकादम खुर्चीतून उठले. "दे इकडे, तुला थोपटता येत नाही," म्हणून रुमाल घेतला. टपाची ती बाजू त्यांनी पुसली, ही मी. मध्येच यांनी माझ्या कपाळावरचा साबण टिपला, गाडीचा टिपतात तसा, थोपटून. मी म्हटलं, मला घासलं तरी चालेल. दोघं हसत सुटलो. जेवताना दोनदा भात मागून घेतला यांनी.

खरं लिहू? आठ दिवसांत मला माझा नवरा परत मिळालाय. खडूस, आगाऊ, डोकं खाणारा. पण माझा.

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी पुन्हा ठिपके. आता मात्र माझं डोकं फिरलंय.

१३ मार्च, गुरुवार

पकडला.

काल संध्याकाळी पुन्हा लख्ख केली होती. आज उजाडताच उठले आणि पडद्याआडून बघत बसले. अंगणाचं दार वाजलं. मुकादम! हातात न्हाणीघरातला मग. बोटं बुडवून बॉनेटवर पाणी शिंपडत होते, इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडावं तसं. निवांतपणे. अगदी मन लावून. मग ऊन कुठवर आलंय ते बघितलं आणि तो मग पाठीमागे लपवून आत यायला निघाले.

मी दारातच उभी. जे काही तोंडात आलं ते बोलले. लेकीच्या जिवाला घोर, माझी कंबर मोडली, शेजारणीसमोर शोभा झाली, आणि तुम्हाला अजून गाडी चालवायची हौस! पुन्हा फिट आली आणि समोर कुणाचं पोर असलं तर?

यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालवायची नाहीये गं मला. माझीच मला भीती वाटते."

"मग हे कशाला?"

"गाडी गेली की तू मला बाहेर कशाला बोलावशील?"

मी यांच्या हातातला मग ओढून घेतला आणि आत जाऊन भांडी आपटली. चिडले म्हणून नाही. रडू आलं ते ऐकू जाऊ नये म्हणून.

१४ मार्च, शुक्रवार

यांनी स्वतः लेकीला फोन केला. तुझं बरोबर आहे म्हणाले, रविवारी देऊन टाकू. लेक खूश. मला म्हणाली, बाबा किती समजूतदार झाले, नाही?

झाले खरे. मला अजिबात आवडलं नाही.

१५ मार्च, शनिवार

आज गाडी यांनी एकट्याने धुतली. मला हात लावू दिला नाही. सावलीत, वरून खाली, शेवटी फिल्टरचं पाणी (पिण्याचं आधी बाजूला काढून ठेवून!). आरशांच्या फटी, नंबरप्लेटच्या मागची बाजू, पेट्रोलच्या झाकणाची आतली कड, सगळं टिपलं. मी ठिपका शोधत फिरले. कधी नव्हे ते एखादा सापडावा असं वाटत होतं. नाही सापडला.

"झाली," म्हणाले. हात पुसले. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर भूक नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळ. हे अजून झोपलेत. दातवाले यायला वेळ आहे. ऊन बॉनेटवर आलंय, पत्रा चांगला तापलाय.

न्हाणीघरातला तो मग घेतला. पाणी नळाचं, फिल्टरचं नव्हे. बोटांनी कशाला, चांगलं ओंजळीने मारलं. बॉनेट, टप, दारं, काच. उभी राहून सगळं वाळू दिलं. गोवर झकास उठलाय.

दुपारी चावी लेकीच्या घरी पोचवते, म्हणजे तिला झोप लागेल. ओरडेल थोडी. ओरडू दे.

आता आत जाऊन हाक मारते — अहो, उठा, बाहेर या, गाडीचं काय झालंय बघा.