सरस की इपॉक्सी?

४ मार्च, मंगळवार

पाय पुन्हा निघाला! मागचा, डावा. आई खुर्चीत बसायला गेली, खुर्ची तिरकी झाली, आणि आई कशीबशी टेबलाला धरून उभी राहिली. म्हणाली, “हे असलं घेऊन मी जाणार नाही.”

खुर्ची धड झाल्याशिवाय ती वृद्धनिवासात जाणार नाही. तिची एवढी एकच अट. जानेवारीत न्हाणीघरात पडली, तेव्हापासून ताईने फोनवरून आमचं डोकं खाल्लं होतं. ही बँकेत, मी दवाखान्यात, आई दिवसभर एकटी. खोली बघितली. उजेड आहे, नर्स आहे, बाग आहे. महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतो म्हणाले. आई एका शब्दाने भांडली नाही. “येते. पण माझी खुर्ची माझ्याबरोबर येईल, आणि डुगडुगत येणार नाही.” याच खुर्चीत बसून तिने जन्मभर शाळेतल्या पोरांची गणितं तपासली. डुगडुगणारं काही तिला कधी चाललंच नाही.

सोपी गोष्ट आहे. मी दातांचा डॉक्टर. चिकटवणं हाच माझा धंदा.

७ मार्च, शुक्रवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पांढरा डिंक मागितला. दुकानदार म्हणाला, “कशाला हवाय, डॉक्टर?” लाकडाला, म्हटलं. “कसलं लाकूड? नवं का जुनं? सांधा घट्ट आहे का सैल? पाणी लागणार का? वजन पडणार का?” मी पेशंटलासुद्धा इतके प्रश्न विचारत नाही!

पांढरा डिंक घेऊन आलो. प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत. स्वाभिमान म्हणून काही असतं.

९ मार्च, रविवार

पायाचं टोक पुसलं, डिंक भरपूर लावला, सांधा दाबून धरणारा शिकंजा आवळला. आणखी आवळला. सगळ्या बाजूंनी पांढरे ओघळ आले. छान वाटलं. ही बघत होती. “अरे, लाकूड आहे ते, दाढ नाही!”

संध्याकाळी शिकंजा सोडला आणि पाय हातात आला. वाचल्यावर कळलं ते असं. जुना डिंक खरवडून न काढता त्यावर नवा लावला तर तो लाकडापर्यंत पोचतच नाही. आणि इतकं आवळलं की होता नव्हता तोही बाहेर पळतो, सांधा कोरडाच राहतो. म्हणजे दोन चुका एकदम. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी यासाठी वर्गाबाहेर काढलं असतं.

हिला सांगितलं नाही. डिंक जुना होता म्हणालो.

१२ मार्च, बुधवार

झटपट चिकटवणारी नळी आणली. कामावर निघता निघता लावली. पाय बसला. माझं बोटही बसलं. खुर्ची आणि मी, दोघं हॉलमध्ये! दवाखान्यातून फोन वर फोन, पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय. शेवटी हिच्या नेलपॉलिश रिमूव्हरने सुटका झाली. आई हसून हसून बेजार. तिला इतकं हसताना या वर्षात पाहिलं नव्हतं.

दुपारी ती टेकली आणि कट्ट आवाज झाला. नळीतला डिंक कडक होतो पण ठिसूळ. खुर्ची हलणार, तिला धक्के सोसणारं काहीतरी हवं.

१५ मार्च, शनिवार

सापडलं! सरस! जनावरांच्या कातड्याचा, जुन्या सुतारांचा. खुर्चीत मुळात तोच असणार. नवा सरस जुन्या सरसावरही धरतो, कारण नवा गरम लावला की जुना पुन्हा विरघळतो.

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. इपॉक्सी म्हणजे दोन नळ्या एकत्र कालवून लावायच्या, भेगासुद्धा भरते, पण एकदा बसली की बसली. उद्या दुरुस्ती करायची तर लाकूडच कापा. सरसाचं तसं नाही. गरम ओलं फडकं काही वेळ गुंडाळलं की सांधा इज्जतीत उघडतो. हिने दोनदा जांभई दिली. आई मात्र चमचा खाली ठेवून ऐकत होती. “नुसतं गरम चालत नाही? ओलंही लागतं?” दोन्ही लागतं, म्हटलं. “आणि लाकडाला काही होत नाही?” काही नाही.

आईने माझ्या कुठल्या कामात इतका रस घेतलेला आठवत नाही. डॉक्टर झालो तेव्हा म्हणाली होती, गणित घेतलं असतंस तर बरं झालं असतं. आज बरं वाटलं.

१६ मार्च, रविवार

सरसाचे दाणे भिजवले, भांड्यात भांडं ठेवून वितळवले. घरभर असा वास की शेजारीण विचारायला आली, कोण आजारी आहे का? सांधा नीट खरवडला. बेताने लावला. बेताने आवळला. (शिकतो मी, हळूहळू शिकतो.)

१७ मार्च, सोमवार

आई बसली. मागे टेकली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. “उत्तम,” म्हणाली. दहापैकी दहा!

हिने निवासात फोन केला. येत्या रविवारी आणतो म्हणाली. मी दवाखान्यात लवकर गेलो. काही काम नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

पाय निघाला. हवेत दमटपणा असेल. पुन्हा लावला.

२२ मार्च, शनिवार

पुन्हा! आणि या वेळी पुढचा उजवा. त्याला मी हातही लावला नव्हता. उद्याचं जाणं रद्द. आई म्हणाली, “तुझा काय दोष? लाकूडच म्हातारं झालंय.” माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढली.

तडक दुकानात गेलो, सरस शिळा दिलात म्हणून भांडलो. दुकानदार शांत. “डॉक्टर, आळीपाळीने सुटतात का पाय?” हो, म्हटलं. “मग सरसाकडे का बघताय?” हा माणूस दुकान चालवतो की कोडी घालतो?

२४ मार्च, सोमवार

ताईचा फोन. “आणखी किती दिवस घोळ घालणार आहेस? इपॉक्सी लाव आणि मोकळा हो. का तुला आईला पाठवायचंच नाही? तसं सरळ सांग ना!” मी चिडलो. म्हटलं, तू तिथे बसून काय बोलतेस, इथे येऊन बघ. तिने फोन आपटला.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. पाय निघाला की मला बरं वाटतं. प्रत्येक वेळी! वर तोंड पाडून शिकंजा शोधत फिरतो. पण ती पुन्हा पडली तर? आणि घरात कुणी नसलं तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. ताईकडे आहे, म्हणून तिचा राग येतो.

इपॉक्सी आणली. रविवारी लावणार. मग विषयच संपला.

२६ मार्च, बुधवार

एक पेशंट आलाच नाही, दुसरा ऐनवेळी घाबरून पळाला. जेवायला घरी आलो. किल्लीने दार उघडलं.

आई हॉलमध्ये जमिनीवर बसली होती. शेजारी वाफाळतं पातेलं. खुर्ची आडवी. मागच्या पायाला टॉवेल गुंडाळलेला, त्यावर ती वाटीने पाणी घालत होती. थोडं थोडं, घाई न करता. मग दोन्ही हातांनी पाय पिळायला लागली. कापणारे हात तिचे! आणि खुर्चीला म्हणत होती, “सूट गं बाई. थोडीच राहिलीस.”

ते पातेलं तिने ओट्यावरून इथवर कसं आणलं असेल? आत जाऊन ओरडावंसं वाटलं. हसावंसंही वाटलं. दार हळूच ओढून घेतलं आणि न जेवता दवाखान्यात गेलो. तिथे माझ्याच खुर्चीत पाय वर करून पडलो आणि रडलो. पेशंटचे तोंड पुसायचे कागदी रुमाल संपवले.

२७ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. ही म्हणाली, “मला माहीत आहे.” कधीपासून? “पहिल्या वेळेपासून. दर वेळी टॉवेल ओला, आणि त्याला तुझ्या सरसाचा वास. मीच धुते ना तो.” मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “बोलले असते तर त्या गेल्या असत्या.”

मी इतके दिवस डिंकाबद्दल वाचतोय!

२८ मार्च, शुक्रवार

आई म्हणाली, “पाय पुन्हा निघाला रे.” अगदी दुःखी चेहरा. म्हटलं, बघतो. आम्ही तिघं जेवलो.

३० मार्च, रविवार

निवासात फोन करून खोली सोडली. ताईला सांगितलं, ती अजून ओरडतेच आहे. उद्यापासून दवाखाना सकाळी आणि संध्याकाळीच, दुपारी मी घरी. इपॉक्सी दुकानदाराने परत घेतली, हसला नाही. खुर्चीला सरस लावला.

आईला म्हटलं, “यापुढे गरम पातेलं तू उचलायचं नाहीस. पाणी मी तापवून देईन.”

“कसलं पाणी?”

“खुर्चीचं.”