पाद्रींसाठी उघडलेलं फाटक

प्रिय आई,
तुझ्या पायांशी बसून बोलतेय असं समज. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

पाद्री गावी पोचले की सांगतीलच, त्याआधी मीच सांगते. परवा ते इथे गोल्ड कोस्टच्या मनोरंजन बागेत, मी सांभाळते त्या पाळण्यावर बसायला आले. रांग दीड तासाची. आपल्या बेटावर त्यांच्याआधी कुणी घास घेत नाही, म्हणून मी जादा पैसे भरून रांग टाळणाऱ्यांचं फाटक त्यांना उघडून दिलं. रांगेतली एक बाई ओरडली, "आमची पोरं उन्हात करपतायत, दिसत नाही का?"

ते ऐकून पाद्री रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दीड तासाने माझ्यासमोर आले, तेव्हा म्हणाले, "फेतू, हे फाटक रोज कुणासाठी उघडतेस गं?"

रोज उघडते, आई. हसून उघडते. लाज मात्र परवा पहिल्यांदा वाटली.

तुझीच,
फेतूआओ