बावीस ठिपके

५ फेब्रुवारी २०२४

"तुमचं काम फोटो काढणं. वाचणं नाही." — मोठे डॉक्टर, भर थिएटरमध्ये. दोन सिस्टर आणि भूलवाले डॉक्टर ऐकत होते.

झालं एवढंच, मी म्हणालो, सर, पेशंटचं डोकं जरा फिरवू द्या, कानातली तार पूर्ण दिसेल. तर विचारतात, डिप्लोमा कुठला? कुठलाच नाही. वॉर्डबॉय म्हणून लागलो. एक्सरे टाकाऊ फिल्मांवरून शिकलो, एकट्यानं. चोवीस वर्षांत माझा एकही फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला नाही.

बरं. नाही वाचणार.

७ फेब्रुवारी

आज धानोऱ्याकडची मोनाली. तीन वर्षांची, जन्मापासून बहिरी. ऐकू यावं म्हणून कानाच्या आतल्या शंखात तार सरकवली. तारेवर बावीस बिंदू — नीट बसले की फोटोत गोगलगाईसारखं वेटोळं दिसतं.

डोकं माझ्या हिशोबानं फिरवलं, कुणाला न विचारता. स्वच्छ फोटो. ठिपके मोजले. सतरा रांगेत. पुढचे पाच मागे वळलेले. तारेचं टोक आत दुमडलंय.

डॉक्टर दुसऱ्या मशीनकडे बघत होते. "बावीसच्या बावीस चालू. नस उत्तर देते आहे." असणारच चालू! बिंदू चालू आहे हे ते मशीन सांगतं. कुठं बसलाय हे माझा फोटो सांगतो. माझ्या फोटोकडे त्यांनी लांबूनच पाहिलं.

"आत आहे ना?"

"आत आहे, सर."

खोटं नाही. आतच आहे. नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी टाके घातले.

८ फेब्रुवारी

फोटो उजेडात धरून ठिपके पुन्हा मोजले. सतराच.

६ मार्च

मोनालीचं कानामागचं मशीन सुरू केलं. दचकली, रडली. सगळे खूश. तिचा बाप चैतू माझ्या खोलीत आला. "भाऊ, फोटो तुमीच काढला म्हंते. सारं सप्पा बरोबर हाय न?"

म्हणालो, मशीन चालू आहे.

हेही खोटं नाही. असं किती दिवस मोजून-मापून बोलणार आहे मी?

२४ एप्रिल

मशीनचे आवाज जुळवणाऱ्या हर्षाबाई कॅन्टीनमध्ये भेटल्या. मोनालीला ढोल आणि शिट्टी सारखीच वाटते म्हणाल्या. जाड आवाज, बारीक आवाज, सगळा काला. "सराव घेत नाहीत हो, सोमाजीभाऊ. घरात गोंडी. मी बजावलं, पोरीसमोर फक्त मराठी."

मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

८ मे

तिघं तपासणीला आले. चैतूनं चारोळीची पुडी आणली. "रानातली हाय, भाऊ. घ्या." पुडी टेबलावरच आहे.

बाहेर बाकावर मोनाली आईचा पदर ओढत होती. आई, सुकरी, हातानं खुणा करत होती. तोंडातून शब्द नाही.

"बाई, काऊन बोलत नाही पोरीशी?"

तिनं चैतूकडे पाहिलं.

"तिले मराठी येत नाई, भाऊ. हर्षाबाईनं सांगतलं, गोंडी बोलू नोका. दोन हप्ते झाले, चुपच राह्यते."

"अन् पहिले?"

"पहिले त तोंड बंद नोव्हतं तिचं. पोरगी बहिरी होती, तरी दिवसभर बोले तिच्यासंग."

घरी यायला भद्रावतीची बस धरली. स्टॉप आला तरी उतरलो नाही, कंडक्टरनं उठवलं. जागाच होतो.

९ मे

मोठ्या डॉक्टरांना फोटो दाखवला. ठिपके बोटानं मोजून दाखवले.

"अँगल चुकलाय तुमचा. त्यामुळे दुमडल्यासारखं दिसतंय."

माझा अँगल!

"त्या दिवशी दिसलं असतं तर बोलला असतात ना? नाही बोललात. म्हणजे दिसलं नव्हतं. विषय संपला."

किती सोपी वाट काढून दिली माणसानं. दिसलं नाही म्हणायचं — बिनडिप्लोमाचा, त्याला काय दिसणार. नोकरीही राहते.

दिसलं होतं याचा पुरावा एकच आहे. या वहीत आहे. आणि तो माझ्याच विरुद्ध आहे.

१० मे

सात फेब्रुवारीच्या पानाची झेरॉक्स आणि फोटो हर्षाबाईंना दिला. त्यांनी दोनदा वाचलं. माझ्याकडे न बघता नव्या स्कॅनची चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या सेंटरची. माझ्याकडे नाही.

मग व्हरांड्यात गेलो. तिघं तिथंच मुक्कामी होते. चैतूला सगळं सांगितलं, चारोळी परत दिली. त्यानं सुकरीला त्यांच्या भाषेत समजावलं.

सुकरी उठली आणि बोलायला लागली. गोंडीत, माझ्या तोंडावर, खूप वेळ. मला एक शब्द कळला नाही. मान खाली घालून ऐकलं.

मोनाली खांबाशी खेळत होती, पाठमोरी. ती आवाजाकडे वळली.