बू नव्हे, लू

बुधवार, १२ जून १९५७, सकाळचे सात. दाढी अर्धी सोडून लिहितो आहे.

प्रिय बाबा,

तुमचं रागाचं पत्र मिळालं. रेडिओवर तुम्ही ऐकलंत ते 'बू' नव्हतं, 'लू' होतं. अक्षर दोनदा तपासून लिहिलं आहे. आपल्या बेसबॉल संघाचा लू ड्राबेक बॅट घेऊन आला की सगळं मैदान त्याच्या नावाचा असाच हेल काढतं. तेरा वर्षं आपल्यासाठी खेळलेल्या माणसाची मी हुर्यो उडवीन का?

पण संघाचा नवा मालक प्रेंटिसही तेच समजला. "लोकांनाच तो नकोय," असं पेपरात म्हणाला. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत शनिवारी संपते, त्याआधी लूला दुसऱ्या संघाला देऊन त्यांची दोन पोरं आणणार होता.

म्हणून काल लू आल्यावर आम्ही सगळे गप्प बसलो. बिचारा दचकून वर बघायला लागला. मग मालकाकडे वळून आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो, "बूऽऽ!"

शेजारच्या होलबबाई किंचाळल्या, "ऐक रे टोणग्या, ह्याला बू म्हणतात!"

टोणग्याने उठून हॅट हलवली! आजच्या पेपरात म्हणतो, "लूवर लोकांचं एवढं प्रेम असेल तर पुन्हा विचार करू."

आईचा खोकला थांबला का? तिला काळजी करू नको म्हणावं, मी वेळेवर जेवतो.

आता शनिवारपर्यंत ऐकाल ते खरोखर 'बू' असेल. रेडिओ मोठा करा.

तुमचाच,
क्लेटस