आतल्या बाजूची नावं

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, १२ मे २०२६

चि. सौ. दीपास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. घरात सगळ्यांना जय जिनेंद्र सांग.

मांडव घातला असेल. सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? आदितीला उन्हातनं फिरू देऊ नको, लग्नात तोंड काळवंडलेलं दिसेल.

पत्र काय लिहितेय म्हणून हसशील. पण फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि लग्नघरातले सगळे कान गोळा होतात. म्हणून मौलाभाईंच्या हाती देतेय. प्रेसचा माल घेऊन ते शिरोळला येणारच होते. तुझ्याच हातात द्या म्हणून बजावलंय. त्यांना चहा दे आणि हे एकटी बसून वाच.

रविवारी पाठवलेले आहेराचे एकवीस बॉक्स मिळाले ना? ते बांधायला बाजारातला एक ताव आणला नाही बघ. तुझे दाजी प्रेसमधनं वाया गेलेले कागद आणतात, त्यातलेच सगळे. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर. बॉक्स तिरका ठेवला की लहान तुकड्यातही बसतो. चिकटपट्टी नाही, घरची खळ. जोड आला तिथं जुन्या साडीचा काठ. तुझी जाऊ म्हणाली म्हणे, 'दुकानातनं करून घेतलं काय?' आदितीनं फोनवर सांगितलं, छाती फुगली माझी.

आता मुद्द्याचं. त्यातला हिरव्या काठाचा बॉक्स, हळदीच्या साडीचा, तो कुणाला उघडू देऊ नको. मावशीचा आहेर हळदीला सगळ्या बायकांपुढं नवरीनंच उघडायचा ही आपली रीत. गुरुवारी तेवढी मोड. त्या बॉक्सला चुकून भलताच ताव लागलाय.

चुकून नाही. खोडणार होते, पण राहू दे.

त्या कागदाच्या आत लग्नपत्रिका छापलेली आहे. गेल्या वर्षीची. नवरदेव जिनेश. आपल्या आदितीचाच, कसबा बावड्याचा. नवरी दुसरी, क्रांती नावाची.

ओरडू नको. पुढं वाच.

जिनेशचे वडील बाळासो म्हणजे दाजींचे मालक, हे तुला ठाऊकच आहे. त्या पत्रिका त्यांच्याच प्रेसमध्ये छापल्या. वाटायच्या आधीच लग्न मोडलं आणि न कापलेले ताव आमच्या कॉटखाली आले. बाळासो म्हणाले, 'पोरीच्या डोक्यातच फरक हाय वहिनी, वाचलो आम्ही.' मी मान डोलावली. पुढं त्यांनीच आदितीबद्दल विचारलं, तेव्हा तर मी हुरळूनच गेले. मालकांच्या घरात आपली पोरगी! तू मला स्पष्ट विचारलं होतंस, 'अक्का, पोराचं आधी कुठं ठरलेलं काय?' मी म्हणाले, 'न्हाय गं.' तुझ्या तोंडाकडं बघून म्हणाले.

शनिवारी कोपऱ्यावरच्या क्लासची एक मॅडम माझ्याकडनं बक्षिसं कागदात बांधून घ्यायला आली. मी फरशीवर ताव पसरून बसलेले. ती थबकली, खाली वाकली आणि छापलेल्या नावावर बोट ठेवून म्हणाली, 'काकू, ही मी.'

मी तिला पाणी दिलं. तिनं बाही वर केली. उजवं मनगट अजून सरळ होत नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला दोघं गेलेली. तिथं जिनेशनं तिचा फोन बघायला मागितला, तिनं दिला नाही, तर गाडीत हात पिरगाळून मोडला त्यानं. 'लग्न मी मोडलं काकू, त्यांनी न्हाय.' आवाज जराही चढला नाही तिचा. मग विचारलं, 'आता कोण हाय?' मी आदितीचं नाव न घेता तिची बक्षिसं बांधायला घेतली गं.

ती गेल्यावर मी तोच ताव उचलला. दोन्ही नावं बरोबर झाकणावर येतील अशी घडी घातली. खळ लावली, कडा दाबल्या. म्हटलं, कागदच काय ते सांगेल. मला बोलायला नको, दाजींची नोकरी राहील, आणि लोक म्हणतील, बिचारीच्या हातनं चुकून झालं. एवढी मी भित्री, दीपा. नीच म्हण. दोन दिवस डोळ्यांपुढं अंगाला हळद लागलेली पोर भर बायकांत तो कागद सोडवतेय, एवढंच दिसत होतं.

आज सकाळी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी पायात घातलेली चप्पल काढून ठेवली. मग म्हणाले, 'नोकरी गेली तर जाऊ दे. पोरगी आपली हाय.'

उद्या पहिल्या एसटीनं येतेय. क्रांतीला घेऊन. आज क्लासवर जाऊन तिला सगळं सांगितलं. यायला तयारच नव्हती, मी पाया पडले तेव्हा हो म्हणाली. आदितीला तिच्यासमोर बसव. तिचं ऐकू दे, मनगट बघू दे, आणि काय करायचं ते आदितीलाच ठरवू दे. पत्रिका वाटून झाल्यात, पावणे काय म्हणतील, असलं काही तिच्यापुढं काढू नको. मी तेच काढत बसले आणि इथवर आणलं सगळ्यांना.

मला चारचौघांत शिव्या घाल. दारातच उभी कर, पाणीसुद्धा विचारू नको. पण त्या पोरीला आत घे.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी अक्का
राजमती